मोदकाची वाफ आणि सरळ केस

गणेशचतुर्थीला पहाटे उठून तू तासभर केसांवर इस्त्री फिरवलीस आणि तशीच माझ्या शेजारी मोदकपात्रापाशी येऊन उभी राहिलीस. एकामागून एक घाणे उतरले. आरतीला टाळ हातात घेतलेस तोवर कपाळावरच्या बटा पुन्हा वळल्या होत्या आणि मागचे केस फुगून आले होते. तू इस्त्रीला बोल लावलास. अगं, इस्त्री चांगलीच होती. केस वाफेनं उलटले. तीस वर्षं रत्नागिरीत पार्लर चालवलं मी. हाताखालून गेलेल्या केसांनी जे शिकवलं ते तुला सांगून ठेवते.

केसातल्या प्रथिनाला धरून ठेवणारे बंध दोन तऱ्हेचे. एक कच्चे, हायड्रोजनचे. ते पाण्यानं सुटतात, उष्णतेनंही सुटतात, आणि केस सुकून गार होताना ज्या आकारात असेल त्याच आकारात पुन्हा बसतात. दुसरे पक्के, गंधकाचे. ते मोडायला रसायन लागतं. घरची इस्त्री फक्त कच्च्या बंधांना हात लावते. त्यामुळे घाम, पावसाळी हवा, कुकरची वाफ, आंघोळीच्या गरम पाण्याची वाफ, यातलं काहीही ते काम मोडू शकतं. सरळ केस टिकवायचे म्हणजे मुख्यतः पाणी लांब ठेवायचं. एवढं डोक्यात ठेवलंस की पुढचं निम्मं तुझं तुलाच सुचेल.

‘गार होताना’ हा शब्द मात्र नीट लक्षात घे. बहुतेक मुली इथेच चुकतात. इस्त्री खाली ठेवली की लगेच केस कानामागे सारतात, क्लिप लावतात, ओढणी घेतात. केस अजून कोमट असतो, आणि कानामागचा तो बाक घेऊनच तो गार होतो. दहा मिनिटं मोकळे सोड, हात लावू नकोस. ड्रायर वापरत असशील तर शेवटी गार हवा मार.

इस्त्रीआधी केस पूर्ण कोरडे हवेत. वरून कोरडे लागतात, पण मानेपाशी आत ओल राहते. तिथे बोटं घालून बघ. ओल्या केसाला तापलेली पट्टी लागली की आतलं पाणी उकळून वाफ होते, केसाच्या काडीत बुडबुडे धरतात आणि केस तिथेच तुटतो. चर्र आवाज आला तर तत्क्षणी थांब. तुझे केस बारीक आहेत, तुला 150 ते 160 अंश पुरे. जाड केसांनाही 180 च्या वर जायची गरज मला क्वचितच पडली. दोन बोटं रुंदीची बट घे, उष्णतेपासून जपणारा स्प्रे आधी मारून वाळू दे, आणि एकदाच, सावकाश इस्त्री ओढ. घाईनं पाच वेळा फिरवण्यापेक्षा ते कितीतरी बरं. तेल लावलेल्या केसांवर इस्त्री कधीच फिरवायची नाही.

तेल न्हाण्याच्या आदल्या रात्री लाव. खोबरेलच लाव. आजी सांगायची ते खरं निघालं: खोबरेल तेल केसात मुरतं आणि धुताना प्रथिनाची झीज कमी करतं, असं 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलात तो गुण आढळला नाही. न्हाल्यावर केस टॉवेलनं खसाखसा पुसू नकोस. जुन्या मऊ पंचानं दाबून पाणी टिप. बोअरवेलचं जड पाणी असेल तर शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घे.

रात्रीची काळजी सर्वांत मोलाची. सुती अभ्रा केस घासतो आणि त्यातली स्निग्धता टिपून घेतो. माझ्या जुन्या रेशमी साडीचे दोन अभ्रे शिवून ठेवलेत, जाताना घेऊन जा. वेणी घालून झोपलीस तर सकाळी वेणीच्याच लाटा उठतील. त्यापेक्षा सगळे केस वर घेऊन उशीपलीकडे मोकळे सोड. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायका केस डोक्याभोवती एकाच दिशेनं चापून विंचरतात आणि वर सॅटिनचा रुमाल बांधून झोपतात. मोठ्या बहिणीनं तिथून आल्यावर मला ते करून दाखवलं. खांद्यापर्यंतच्या केसांना याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

दिवसा स्वयंपाकघरात डोक्याला रुमाल बांध. आंघोळीला प्लास्टिकच्या टोपीखाली आधी कोरडं फडकं गुंडाळ, नाहीतर घाम टोपीतच कोंडतो. स्कूटरवर जाताना हेल्मेटखाली पातळ सॅटिनचा तुकडा घाल. तिसऱ्या दिवशी मुळं तेलकट झाली तर चिमूटभर आरारूट ब्रशनं लावून झटक. पाण्याचा हात मात्र फिरवू नकोस.

आता तू विचारत होतीस त्या पार्लरमधल्या स्मूदनिंगचं. त्यात क्रीम गंधकाचे पक्के बंध मोडतं आणि न्यूट्रलायझर ते सरळ आकारात पुन्हा जोडतं. पहिले तीन दिवस धुणं नाही, बांधणं नाही, क्लिप नाही. मी प्रत्येकीला हेच सांगत आले. पुढे सौम्य, सल्फेट नसलेला शांपू वापर. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे सहा महिन्यांत मुळाशी सहा-सात सेंटिमीटर तुझा मूळचा कुरळा केस दिसू लागेल. तेव्हा क्रीम तेवढ्याच नव्या केसाला लागलं पाहिजे. आधी सरळ केलेल्या लांबीवर ते पुन्हा चढवू देऊ नकोस. एका मुलीचे केस असेच दुसरीकडे जाऊन हातात आलेले मी पाहिलेत. तिची आई रडत माझ्याकडे आली होती, आणि कापण्यावाचून माझ्या हाती काही नव्हतं.

आणखी एक, हे आग्रहानं सांगते. क्रीमचा डबा मागून घे आणि वाच. ग्लायऑक्सिलिक आम्ल असेल तर उठून ये. ते टाळूतून शरीरात जाऊन मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या घटना डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. फॉर्मल्डिहाइड असेल तरी नको. डोळे चुरचुरू लागले, घसा धरला, तर लाजू नकोस, थांबवायला सांग. पोटात बाळ असताना यातलं काहीच करायचं नाही.

साखरपुड्याला मोगरा माळणार आहेस ना? गजरेवाली गजऱ्यावर पाणी शिंपडते, आणि तो ओलाच माळला की त्याखालचे केस तासाभरात फुगतात. सकाळीच आण, झटक, कोरड्या फडक्यावर पसरून ठेव. निघायच्या वेळी माळ, तोही मोकळ्या केसांवर सोडू नकोस, मागे छोटा अंबाडा घालून त्याच्याभोवती गुंडाळ. पिना माझ्या डब्यात आहेत.