खानदेशातले रोनिन

जपानमध्ये प्रवेश परीक्षेत गचकून पुन्हा वर्षभर अभ्यासाला बसलेल्या पोराला 'रोनिन' म्हणतात. (आपण नुसतं 'ड्रॉप घेतला' म्हणतो. जपान्यांचा शब्द भारी आहे.) मूळ रोनिन म्हणजे ज्याचा धनी गेला असा सामुराई. शब्दशः अर्थ, लाटेवरचा माणूस. १६०० साली सेकिगाहाराची लढाई झाली, हरलेल्या सरदारांच्या जहागिऱ्या गेल्या आणि त्यांचे शिपाई रस्त्यावर आले. कुरोसावाच्या 'सेव्हन सामुराई'त (१९५४) असेच सात जण भाताच्या जेवणावर एका गावाची राखण करतात. आपला 'शोले' त्याच वळणाचा.

ही वेळ आपल्या खानदेशावरही आली होती. १८१८ ला पेशवाई बुडाली. मालेगावच्या किल्ल्यातल्या अरब शिबंदीने जूनपर्यंत टक्कर दिली, मग किल्ला पडला. पण इंग्रजांना जास्त दिवस पुरून उरले ते भिल्ल. ते जन्माचे लुटारू नव्हते. गावात भिल्ल जागल्या असायचा, घाटवाटा भिल्ल नाईकांकडे असायच्या आणि त्याबद्दल त्यांना ठरलेले हक्क मिळायचे. होळकर-शिंद्यांच्या धामधुमीत आणि १८०३-०४ च्या दुष्काळात गावंच ओस पडली. मग हक्क देणार कोण? राखणदार तोच, हत्यार तेच, फक्त चाकरी गेली. रोनिन वरच्या जातकुळीचे, भिल्लांना तो मान कुणी दिला नाही, हा फरक आहेच. पण भूक सारखीच!

पाठलाग, फाशी, माफी सगळं करून झालं. शेवटी १८२५ मध्ये लेफ्टनंट आउट्रॅमने धरणगावला 'भिल्ल कोअर' उभी केली. हो, जळगावहून सुरत लाइनने जाताना लागतं तेच धरणगाव. हा गडी भिल्लांत राहिला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारी केल्या, तेव्हा कुठे विश्वास बसला. कालचे 'लुटारू' गणवेश घालून महिन्याच्या पगारावर बंदोबस्त करू लागले. ज्यांना फौज नको, त्यांना शेतीसाठी जमीन आणि तगाई.

मला यात आउट्रॅमपेक्षा खाज्या नाईक मोठा वाटतो. शिरपूरच्या पुढे, सेंधव्याच्या घाटात तो सरकारी पहाऱ्यावर होता. एका कैद्याच्या मृत्यूवरून नोकरी गेली, तुरुंग झाला. १८५७ मध्ये गरज पडली तेव्हा सरकारने त्याला परत बोलावलं. तो आला, आणि थोड्याच दिवसांत आपली माणसं घेऊन सरकारवरच उलटला. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला मोठी लढाई झाली. भिल्ल हरले, पण खाज्या तिथून निसटला.