कृत्तिकांचे अंतर आणि मापनाची अचूकता

पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यात, राज्याच्या सीमेवर असलेल्या अच्छाड येथूनही हिवाळ्याच्या रात्री कृत्तिकांचा पुंजका सहज ओळखता येतो. तो किती दूर आहे, या साध्या प्रश्नाने ज्योतिर्विदांना १९९७ पासून अनेक वर्षे पेचात टाकले होते.

ताऱ्याचे अंतर काढण्याची रीत भूमापनासारखीच आहे. अच्छाडच्या महामार्गावर परस्परांपासून ३०० मीटरवर असलेल्या दोन ठिकाणांहून ३ किलोमीटर दूरचा मनोरा पाहिल्यास त्याची दिशा सुमारे पावणेसहा अंशांनी बदलते. शालेय कोनमापकाने अर्ध्या अंशाची चूक झाली, तर अंतर सुमारे ९ टक्क्यांनी चुकते. मनोरा ३० किलोमीटरवर असेल तर मूळ कोनच अर्ध्या अंशाहून किंचित मोठा. तेवढ्याच चुकीने सारे माप व्यर्थ ठरते. शिक्षकांनी हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून अवश्य करवून घ्यावा.

ताऱ्यांसाठी पृथ्वीच्या कक्षेचा व्यास, म्हणजे सुमारे ३० कोटी किलोमीटर, हा पाया घेतात. सहा महिन्यांच्या अंतराने तारा जेवढा सरकलेला दिसतो, त्याच्या निम्म्या कोनास पराशय म्हणतात. अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे विकला. बेसेल यांनी १८३८ मध्ये हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय ०.३१ विकला ठरविला. आजचे मूल्य ०.२९ च्या जवळ आहे. अडीच सेंटिमीटर व्यासाचे नाणे १८ किलोमीटरवरून जेवढे दिसेल, तेवढा हा कोन!

१९८९ मध्ये सोडलेल्या हिप्पार्कस उपग्रहाच्या १९९७ च्या तारासूचीनुसार कृत्तिका सुमारे ३९० प्रकाशवर्षांवर ठरल्या. ताऱ्यांच्या तेजस्वितेवरून मात्र अंतर ४३० च्या आसपास येत होते. कोनातील फरक विकलेच्या एक सहस्रांशाहूनही कमी. पण उपग्रहाचे माप खरे मानल्यास ताऱ्यांच्या घडणीचा सिद्धांतच बदलावा लागला असता. पुंजक्यातील अनेक ताऱ्यांची सरासरी घेऊनही प्रश्न सुटला नाही. काटाच सदोष असेल तर शंभर वेळा तोलूनही वजन बरोबर येत नाही. २०१४ मध्ये रेडिओ दुर्बिणींनी अंतर सुमारे ४४४ प्रकाशवर्षे दाखविले आणि पुढे गाया यानाच्या वेधांनीही तेच सांगितले.

गायाचे वेध जानेवारी २०२५ मध्ये थांबले. त्याचाही काटा तपासावा लागतोच. त्यासाठी अतिदूरचे क्वेसार उपयोगी पडतात. त्यांचा पराशय व्यवहारात शून्य यावयास हवा. गायाच्या तिसऱ्या सूचीत तो विकलेच्या सुमारे १७ दशलक्षांशांनी शून्याखाली आला. ताऱ्याचे तेज व रंग पाहून ही तूट भरून काढली जाते, आणि मगच अंतर काढतात.