एक्स्टर्नल हार्ड डिस्क लिनक्सवर दिसत नसेल तर काय काय तपासावे?



शाळेच्या हार्ड डिस्कमध्ये काय काय असतं ते आपल्याला सांगायला नको. मागच्या काही वर्षांच्या निकालाच्या एक्सेल शीट, जनरल रजिस्टरची स्कॅन केलेली पानं, स्नेहसंमेलनाचे फोटो, इंटरनेट नसताना दाखवायचे व्हिडिओ पाठ. बऱ्याच ठिकाणी याची दुसरी प्रत कुठेच नसते. आणि एक दिवस उबंटूच्या संगणकाला डिस्क लावली की काहीच होत नाही. कालपर्यंत चालत होती, आज नाही. मग कुणीतरी सल्ला देतो, "फॉरमॅट मारा सर, लगेच दिसेल." दिसेल खरी, पण रिकामी!

'डिस्क दिसत नाही' या एका तक्रारीत खरं तर तीन वेगळ्या तक्रारी असतात. मुलाचं उदाहरण घ्या. मूल शाळेच्या फाटकातून आत आलंच नाही ही एक गोष्ट. आत आलं, पण हजेरीपटावर नाव नाही ही दुसरी. नाव आहे, पण वर्गात बसलेलं नाही ही तिसरी. आपण तिन्ही वेळा 'मूल वर्गात नाही' असंच म्हणणार, पण शोधायला वेगवेगळीकडे जाणार. डिस्कचंही तसंच आहे. यूएसबीला उपकरण लागल्याचं कळणं, ते डिस्क म्हणून ओळखलं जाणं आणि त्यातल्या फाईल उघडणं म्हणजे माउंट होणं, या तीन पायऱ्या आहेत.

फाटकापासून सुरू करू. केबल बदलून पाहा. मोबाईलच्या काही स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यात डेटाच्या तारा नसतातच. दिवा लागतो, पण संगणकाला काही कळत नाही. डेस्कटॉप असेल तर डिस्क मागच्या बाजूच्या पोर्टला लावा. पुढचे पोर्ट आतून वेगळ्या वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात आणि ती वायर ढिली असणं नवीन नाही. हब आणि एक्स्टेन्शन वायर काढून टाका. यूएसबी २.० पोर्टमधून ठरलेल्या नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर वीज मिळते, यूएसबी ३.० मधून ९००. फिरत्या तबकडीच्या डिस्कला सुरू होताना जास्त वीज लागते. ती पुरली नाही की डिस्क चालू होते, बंद पडते, पुन्हा चालू होते. आतून निळ्या रंगाचा पोर्ट असेल तर तो बहुधा ३.०, तिथे लावून पाहा.

आता टर्मिनल उघडा. घाबरायचं कारण नाही, इथे आपण फक्त वाचणार आहोत, काही बदलणार नाही. एल-एस-यू-एस-बी ही पाच अक्षरं लहान लिपीत, जोडून टाईप करा आणि एंटर दाबा. यूएसबीला लागलेल्या सगळ्या वस्तूंची यादी येते. डिस्क काढून एकदा, लावून एकदा यादी पाहिली की फरक लगेच कळतो. दोन्ही वेळा यादी सारखीच असेल तर मूल फाटकाबाहेरच आहे. म्हणजे दोष केबल, पोर्ट, वीज किंवा डिस्कच्या डबीतल्या सर्किटचा. फाईलींशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे फॉरमॅटचा प्रश्नच येत नाही.

यादीत डिस्क आली तर पुढची आज्ञा एल-एस-बी-एल-के, मग जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला चिकटून एफ. हा आपला हजेरीपट. जुन्या संगणकात आतली डिस्क बहुधा एसडीए आणि बाहेरची एसडीबी नावाने दिसते, पण नावावर विसंबू नका. फाईल सिस्टिमचा प्रकार आणि डिस्कला दिलेलं नाव पाहून खात्री करा. नुसती एल-एस-बी-एल-के दिली की डिस्कचा आकारही दिसतो.

इथेही नाव नसेल तर लिनक्सची रोजनिशी वाचायची. एस-यू-डी-ओ, जागा, डी-एम-ई-एस-जी, जागा, उणे चिन्ह आणि चिकटून डब्ल्यू. पासवर्ड टाईप करताना पडद्यावर बहुधा काहीच उमटत नाही. तो उमटत नाही म्हणून कीबोर्ड बिघडला असं समजू नका, लिनक्सची तीच पद्धत आहे. आता डिस्क लावा आणि खाली काय ओळी येतात ते पाहा. 'एरर -११०' म्हणजे डिस्कने वेळेत उत्तर दिलं नाही, 'एरर -७१' म्हणजे बोलणं नीट झालं नाही. दोन्हींत पहिला संशय केबल आणि विजेवर घ्यावा. 'आय/ओ एरर' पुन्हा पुन्हा येत असेल तर मात्र डिस्क स्वतःच आजारी असू शकते.

सगळ्यात जास्त सापडतो तो तिसरा प्रकार. नाव हजेरीपटावर आहे, पण डिस्क उघडत नाही. आपल्याकडे ऑफिसचा संगणक विंडोजचा आणि मुलांच्या लॅबमधला लिनक्सचा असं असतं, आणि एकच डिस्क दोन्हीकडे फिरते. ती एनटीएफएस पद्धतीची असते. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' ही सोय आली. ती चालू असेल तर शट डाऊन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतो. गंमत म्हणजे रीस्टार्टला तो पूर्ण बंद होऊन उठतो. डिस्क तशीच लावलेली ठेवून शट डाऊन केलं किंवा 'इजेक्ट' न करता ओढून काढली, की तिच्यावर 'काम अपुरं' अशी खूण राहू शकते. लिनक्स ती खूण पाहून डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडतो किंवा उघडतच नाही. हा लिनक्सचा हट्ट नाही, तो तुमच्या फाईली जपतो आहे.

फक्त वाचण्यापुरती उघडली तर आधी सगळं दुसरीकडे कॉपी करून घ्या, बाकीचं नंतर. मग डिस्क विंडोजला लावा, ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये टूल्सखाली 'चेक' करा आणि इजेक्ट करून काढा. लिनक्सवर एनटीएफएसफिक्स नावाची आज्ञा आहे, पण ती विंडोजच्या पूर्ण तपासणीची जागा घेत नाही. विंडोज जवळ असताना तिच्या वाटेला मी तरी जाणार नाही.

याचं उलटंही घडतं. लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीची डिस्क विंडोजला लावली, की विंडोज 'वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल' असं विचारतो. डिस्क ठणठणीत असते, विंडोजला फक्त तिची भाषा येत नाही. तिथे 'कॅन्सल' दाबायचं. हे ऑफिसातल्या आणि घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, मुलांना तर नक्कीच. एक्सफॅट पद्धतीची डिस्क असेल आणि उबंटू १८.०४ किंवा त्याआधीचा असेल, तर तिच्यासाठी वेगळं पॅकेज टाकावं लागतं. लिनक्सच्या गाभ्यातच ही सोय २०१९ मध्ये आली.

डिस्कमधून टक-टक असा ठराविक आवाज येत असेल, तर केबल आणि पोर्ट एकदा बदलून पाहा. तरी आवाज थांबला नाही तर पुन्हा पुन्हा लावून बघू नका. प्रत्येक प्रयत्नात उरलंसुरलं बिघडू शकतं. डेटा काढून देणाऱ्याकडे न्यायची असेल तर रोजनिशीतल्या त्या ओळींचा मोबाईलवर फोटो काढून सोबत न्या. आणि पावतीवर 'डेटा हवा आहे, फॉरमॅट करू नये' असं त्यांच्याकडून लिहून घ्या, मगच डिस्क हातात द्या.