अ.पा.क.चा शेरा

ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांनी सातबारावर ‘अ.पा.क.’ ही अक्षरं पाहिली असतील. वारस अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालचा असला, की ‘अज्ञान पालनकर्ता’ म्हणून आईचं किंवा काकाचं नाव लागतं. पोरगा 18 वर्षांचा झाला तरी हा शेरा आपोआप जात नाही. वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो, मग फेरफार होतो. तो अर्ज राहूनच गेला, तर तिशीत पीककर्जाला गेल्यावर कळतं, कागदावर आपण अजून अज्ञानच!

आईबाबांनो, गुंठाभर जमीन नसलेल्या घरांतही हा शेरा असतो.

दवाखान्यात बघा. डॉक्टर वीस वर्षांच्या मुलाला विचारतात, “काय होतंय?” तो तोंड उघडायच्या आत आई सांगून मोकळी, “परवापासून ताप आहे, जेवत नाही, रात्रभर मोबाइल.” डॉक्टर मुद्दाम पुन्हा त्यालाच विचारतात, तर तो आईकडे बघतो. कुठे दुखतंय हे एकट्या त्यालाच ठाऊक. पण सांगायची सवयच नाही.

बँकेत 18 पूर्ण झाली की अज्ञान मुलाच्या खात्यावरचा पालकांचा अधिकार संपतो. नवं केवायसी, नवी सही, सगळं रीतसर होतं. मोबाइल नंबर मात्र बाबांचाच राहतो. लेकीने कॉलेजबाहेर वडापाव खाल्ला तरी मेसेज बाबांच्या ऑफिसात वाजतो, आणि ओटीपीसाठी तिने त्यांची मीटिंग संपायची वाट बघायची.

कायद्याचंही एकच वय नाही म्हणा. मतदान 18व्या वर्षी (1989पर्यंत तेही 21 होतं), मुलाचं लग्न 21, लोकसभेला उभं राहायला 25. पण मुलींच्या बाबतीत आपला हिशेब त्याहून अजब. स्थळं बघायची म्हटलं की ती मोठी, मैत्रिणींबरोबर गोव्याला जायचं म्हटलं की लहान!

माझ्या मते पगार सुरू झाला म्हणून कुणी मोठं होत नाही. आपल्या सहीने झालेला घोळ आपणच निस्तरायला लागलं की मोठेपण येतं. ती वेळच आपण येऊ देत नाही, काळजीपोटी का होईना.

बँकेपासून सुरुवात करा. नंबर बदलण्याचा अर्ज लेकीचा लेकीला भरू द्या. सही जुळत नाही म्हणून एखादा हेलपाटा पडेल, पडू दे. मॅनेजर ओळखीचे असले तरी फोन करू नका.