सांता मोनिकेचा मठ

आमच्या घाटनांदुराकडे जुन्या भिंती म्हटल्या कीं काळा पाषाण डोळ्यांपुढें येतो. गोव्यांतील जुन्या वास्तु तांबड्या जांभ्याच्या आहेत. हा दगड खाणींत मऊ असतो व उघड्या हवेंत कठीण होतो. तथापि तो सच्छिद्र असल्यामुळें पावसापासून त्यास चुन्याच्या गिलाव्यानें जपावें लागतें.

जुन्या गोव्यांत एकाच टेकडीवर असे दोन मठ समोरासमोर होते. सांता मोनिकेचा धर्मभगिनींचा मठ १६०६ ते १६२७ या काळांत बांधला गेला. १६३६ च्या आगीनंतर तो पुन्हां उभारण्यांत आला. मध्यें चौक, सभोंवार ओवऱ्या, वर मजले आणि बाहेरून भिंतींस आधार देणारे प्रचंड टेकू, अशी त्याची रचना आहे. समोरचा सेंट ऑगस्टीनचा मठ साधूंचा होता.

१८३५ सालीं पोर्तुगीज सरकारनें साधूंचे मठ बंद केले. ऑगस्टीनचा मठ ओस पडला. १८४२ त तेथील चर्चचें कमानदार छत कोसळलें. १९३१ त दर्शनी भिंत व मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. भगिनींस मात्र आमरण राहूं दिलें. त्यांतील शेवटची १८८५ त निवर्तली. पुढें १९६४ पासून या मठांत माटेर देई ही धर्मशिक्षणसंस्था आली, आणि २००२ पासून त्याच्या चर्चमध्यें ख्रिस्ती कलेचें संग्रहालय आहे.

दगड एक, पाऊस एक. भेद माणसांच्या वावराचा! राहत्या घराचें गळतें छप्पर त्याच दिवशीं दिसतें. कुलुपबंद घराचें तें पडल्यावरच कळतें. आमच्या गांवींच्या जुन्या घरांविषयीं पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं हें मनीं धरावें.