लडाखमध्ये क्रम उंची ठरवते

चि. सौ. भाचीस व जावईबापूंस,


लडाख हे थंड वाळवंट आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे हिमालयाच्या दक्षिण उतारावर रिते होतात, त्यामुळे पलीकडे लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. बार्लीची शेते आणि जर्दाळूच्या बागा बर्फ वितळून आलेल्या पाण्यावर जगतात. हवा विरळ आणि कोरडी असल्याने दिवसा ऊन भाजते आणि सूर्य कलताच गारठा सुरू होतो. म्हणून गॉगल, टोपी, सनस्क्रीन आणि स्वेटर जुलैतही एकाच पिशवीत हवेत.

लेहची उंची सुमारे ३,५०० मीटर आहे, कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. तिथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांश असल्याने प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो. मुंबईहून विमानाने निघालेला माणूस काही तासांत या हवेत उतरतो. शरीराला मात्र सवय व्हायला काही दिवस लागतात. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे आणि झोप न लागणे ही पहिली लक्षणे. दम चांगला आहे किंवा गड चढण्याचा सराव आहे, एवढ्यावरून त्रास होणार नाही असे धरता येत नाही. नवराबायकोपैकी एक ठणठणीत आणि दुसरा आडवा, असे सर्रास होते. अशा वेळी ज्याला जास्त त्रास, त्याची चाल तीच दोघांची चाल मानावी. दुसऱ्याचा विरस नको म्हणून डोकेदुखी लपवणे हा इथला सर्वांत महागडा समजूतदारपणा ठरतो.

रस्त्याने जायचे तर श्रीनगरचा मार्ग सौम्य. कारगिलला सुमारे २,७०० मीटरवर मुक्काम होतो आणि चढ टप्प्याटप्प्याने मिळतो. मनालीच्या मार्गावर सरचूचा मुक्काम ४,२०० मीटरच्या वर पडतो, तोही सवय होण्याआधी. म्हणून मनालीहून जाताना पहिली रात्र त्याच्या खालच्या जिस्पाला काढावी; खरे तर हा मार्ग परतीसाठी निवडणेच अधिक बरे.

विमानाने गेल्यास पहिला दिवस निव्वळ विश्रांतीचा. दुसऱ्या दिवशी लेहचा नऊमजली राजवाडा आणि शांतिस्तूप, तेही सावकाश. तिसऱ्या दिवशी सिंधूच्या काठाने खाली निम्मूचा सिंधू-झंस्कार संगम आणि अल्चीच्या मठातली शतकानुशतके टिकलेली भित्तिचित्रे पाहावीत. मग नुब्रा खोरे. वाटेतली खारदुंग ला ही खिंड ५,३५९ मीटर उंच आहे आणि तिथला दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास. फोटो काढून लगेच उतरावे. खिंड कितीही उंच असली तरी मुक्कामाची उंची जास्त महत्त्वाची असते. दिस्कित आणि हुंदर लेहपेक्षा खाली आहेत, म्हणून तिथे झोप चांगली लागते. दिस्कितची मैत्रेयमूर्ती आणि हुंदरच्या वाळूतले दोन मदारींचे उंट पाहायला दोन रात्री द्याव्यात.

पँगाँग सरोवर शेवटी ठेवावे. ते ४,२०० मीटरहून उंच आहे आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत तिथे रात्र काढणे धोक्याचे. नुब्राहून श्योक नदीच्या रस्त्याने तिथे पोचता येते. दोघांपैकी एकाचेही डोके दुखत असेल, तर काठावरच्या तंबूंचा मोह सोडून खालच्या तांगत्से गावी मुक्काम करावा.

पाणी भरपूर प्यावे. सुरुवातीचे दिवस दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. उंचीवरच्या त्रासाची गोळी घरून निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास ते आवर्जून सांगावे. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेसाळ कफ येणे, चालताना तोल जाणे किंवा बोलणे असंबद्ध होणे ही फुप्फुसात वा मेंदूत पाणी साठत असल्याची चिन्हे असू शकतात. तेव्हा सकाळची वाट न पाहता खाली उतरावे आणि रुग्णालय गाठावे. ऑक्सिजनचा सिलिंडर तेवढा वेळ निभावून नेतो; उतरण्याची जागा तो घेऊ शकत नाही.

रस्त्यावरचे ओहोळ सकाळी लहान आणि दुपारनंतर मोठे असतात, कारण उन्हाने वर बर्फ वितळत राहतो. पँगाँगच्या वाटेवरचा पागल नाला याच कारणाने गाजला. म्हणून प्रवास भल्या पहाटे सुरू करावा. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डे तिथे चालत नाहीत. दोघांपैकी एकाकडे तरी पोस्टपेड असावे. रोख पैसे लेहमध्येच काढावेत. सीमाभागाच्या परवान्यांचे नियम बदलतात, ते निघण्याच्या आठवड्यात पाहून घ्यावेत.

गोंपात, म्हणजे बौद्ध मठात, जाताना जोडे बाहेर काढावेत, स्तूप आणि मंत्र कोरलेल्या दगडांच्या मणिभिंती उजव्या हाताला ठेवून पुढे जावे, भित्तिचित्रांवर फ्लॅश मारू नये. पाणी दुर्मीळ असल्याने आंघोळ बादलीभर पाण्यात उरकावी आणि घरगुती मुक्कामात कोरडा संडास असेल तर कुरकुर न करता वापरावा. प्लास्टिकचा कचरा लेहपर्यंत परत आणावा.

बर्फाने खिंडी बंद होतात आणि खराब हवेत विमानेही रद्द होतात. म्हणून परतीच्या विमानाआधी लेहमध्ये एक दिवस मोकळा ठेवावा आणि रजा त्या हिशेबाने मागावी.

मामाचे आशीर्वाद