रिग्रेट्स ओन्ली : न येण्याचं इंग्रजी

आपल्या मंडळाच्या शनिवारच्या इंग्रजी संभाषण वर्गात मागच्या महिन्यात मी एक प्रश्न घातला होता. तुम्हाला एका कार्यक्रमाचं बोलावणं आलंय आणि जाता येणार नाहीये, तर काय लिहाल? बहुतेकांनी 'आय विल ट्राय' असं लिहिलं. दोघांचा कागद कोराच होता. विचारलं तर म्हणाले, "जायचंच नाही तर लिहायचं काय, ताई?" वर्ग हसला. मला काही हसू आलं नाही, कारण तो कोरा कागद मी स्वतः एकदा दिलेला आहे.

बी.ए. झालं त्या वर्षीची गोष्ट. इंग्रजीच्या आमच्या एक मॅडम निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी काही जुन्या विद्यार्थ्यांना रात्रीच्या जेवणाला बोलावलं. कॅम्पातलं छोटं घर, टेबलावर वाढायचं, म्हणून मोजून १२ जण. ईमेलच्या तळाशी एक ओळ होती : 'रिग्रेट्स ओन्ली, बाय थर्सडे.' मी तिचा अर्थ लावला, 'फक्त खेद आहे.' कशाचा खेद ते कळलं नाही, आणि कुणाला विचारलंही नाही. त्याच दिवशी खानापूरला आत्याकडे बारसं होतं. मॅडमकडे जाणं शक्य नव्हतं, म्हणून मी गप्प बसले.

आपल्याकडे तसंच तर चालतं. पत्रिकेवर 'प्रत्यक्ष भेट न झाल्यास हेच आमंत्रण समजावे' असं असतं, 'येणार नसल्यास कळवावे' असं कुणी छापत नाही. पाचशे पानांच्या पंगतीत एक पान कमी उठलं तर कुणाला कळतंय?

'रिग्रेट्स ओन्ली'चा अर्थ मात्र बरोबर उलटा आहे. येणार असाल तर काही कळवू नका, येणार नसाल तरच कळवा. म्हणजे तिथं गप्प बसणं हाच होकार. मॅडमनी माझं ताट मांडलं, फोन लावला (आत्याच्या गावात रेंज नव्हती), आणि पाऊण तास सगळ्यांना थांबवून ठेवलं. पुढच्या आठवड्यात मी कुंद्याचा डबा घेऊन गेले तेव्हा घरात पुस्तकांची खोकी बांधलेली. त्या मुलाकडे हैदराबादला कायमच्या राहायला निघाल्या होत्या. ते निरोपाचं जेवण होतं, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. "तू आली नाहीस त्याचं काही नाही गं," त्या म्हणाल्या, "येणार नाहीस एवढं तरी सांगायचंस." मग त्यांनी माझ्यासाठी वेगळा काढलेला शब्दकोश हातात ठेवला आणि खोक्यावर बसूनच माझा एक तास घेतला. पुढचं बरंचसं त्या तासातलं आहे.

आधी 'आर.एस.व्ही.पी.' घेऊ. ही फ्रेंच शब्दांची आद्याक्षरं, अर्थ 'कृपया उत्तर द्यावे'. 'कृपया' त्यातच आलं, त्यामुळे 'प्लीज आर.एस.व्ही.पी.' म्हणजे पिवळा पितांबर. इंग्रजसुद्धा सर्रास लिहितात, तेव्हा त्यावरून कुणाला टोकू नका. इथं हो असो की नाही, दोन्ही कळवायचं असतं.

आता नकार. 'आय विल नॉट कम' यात व्याकरणाची चूक नाही, पण ऐकणाऱ्याला लागतं. न येणं ही माझी मर्जी, असा त्याचा सूर. 'आय कान्ट कम' म्हटलं की अडचण आली, मर्जी गेली. मराठीतही हा फरक आहेच की. 'मी येणार नाही' हे आपण भांडण झालेल्या काकांकडच्या लग्नाबद्दल म्हणतो, बाकी सगळीकडे 'जमणार नाही'. आणि या 'जमणं'ला इंग्रजीत अगदी जुळता शब्दप्रयोग आहे, 'मेक इट'. 'आय वोन्ट बी एबल टु मेक इट' म्हणजे मला यायला जमणार नाही. वर्गात एकानं याचं भाषांतर 'मी ते बनवू शकणार नाही' असं केलं होतं. इथं काही बनवायचं नसतं, वेळेला पोचायचं असतं.

त्याच्याआधी 'आय ॲम अफ्रेड' लावलं की वाक्य मऊ होतं. यात भीतीचा संबंध नाही, 'काय सांगू, पण' असा तो सूर आहे. काळाकडेही लक्ष ठेवा. होऊन गेलेल्या कार्यक्रमाला 'कुडन्ट', व्हायच्या असलेल्याला 'कान्ट'. आमच्या एका वर्गबंधूनं सरांना लिहिलं होतं, 'आय कुड नॉट अटेंड टुमॉरोज लेक्चर'. उद्याचं लेक्चर त्यानं कालच बुडवलं.

आणि तो 'आय विल ट्राय'. आपल्या बेळगावात 'बघूया की' म्हटलं, किंवा कन्नडमध्ये 'नोडोण', तर समोरच्याला कळतं की हा गडी काही येत नाही. दोन्ही बाजूंना ठाऊक असतं, म्हणून कुणी दुखावत नाही. हेच इंग्रजीत लिहिलं तर वाचणारा शब्दाला शब्द धरण्याचीच शक्यता जास्त. हा यायची धडपड करणार आहे असं समजून तो खुर्ची राखून ठेवतो. आपल्या दृष्टीनं सभ्य नकार, त्याच्या दृष्टीनं अर्धा होकार. 'बघूया की' वाईट आहे असं मी म्हणत नाही, ते भाषांतरात टिकत नाही एवढंच.

कारण किती द्यायचं, हा आणखी एक घोळ. शाळेत रजेच्या अर्जात आपण 'अर्जंट पीस ऑफ वर्क ॲट होम' पाठ केलेलं असतं, म्हणजे घरी तातडीच्या कामाचा एक तुकडा! इंग्रजीत 'आय हॅव अ प्रायर कमिटमेंट' एवढं पुरतं, कसली कमिटमेंट ते सभ्य माणूस विचारत नाही. जुन्या पद्धतीच्या पत्रात 'प्रीव्हियस एंगेजमेंट' लिहितात. माझ्या मैत्रिणीनं ते वाचून "यांचा आधी साखरपुडा झाला होता?" असं विचारलं होतं. 'आउट ऑफ स्टेशन' मात्र खास आपलं, भारतातलं. इथलं 'स्टेशन' रेल्वेचं नव्हे. साहेबाच्या नेमणुकीचं ठाणं ते स्टेशन. कॅम्प शेजारी असलेल्या आपल्याला हे पटकन कळावं, पण लंडनच्या माणसाला 'आउट ऑफ टाउन' लिहिलेलं बरं.

मित्रांत बोलायचं तर 'आय विल गिव्ह इट अ मिस', किंवा पत्त्यांच्या डावातून आलेलं 'आय विल पास'. 'रेन चेक'चा पावसाळ्याशी संबंध थोडासाच. अमेरिकेत बेसबॉलचा सामना पावसानं बुडाला की तिकिटाचा तुकडा दुसऱ्या सामन्याला चालायचा, तो रेन चेक. म्हणून पुन्हा कधीतरी खरंच जायचं असेल तरच हा शब्द वापरावा. सभेला येणार नसाल तर आधी 'अपॉलॉजीज' कळवतात, आणि तशी नोंद इतिवृत्तात होते. न कळवता गैरहजर राहणारे वेगळे. आपल्या मंडळाच्या वहीत दोघांनाही एकच फुली पडते, ते बदलायला हवं.

खोक्यावर बसून मॅडमनी लूकच्या शुभवर्तमानातल्या चौदाव्या अध्यायाकडे भाषेच्या नजरेनं बघायला लावलं. मोठ्या मेजवानीला तिघे येत नाहीत. एकानं शेत घेतलंय, दुसऱ्यानं बैलांच्या पाच जोड्या, तिसऱ्याचं लग्न झालंय. १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात पहिले दोघे रीतसर माफी मागतात, तिसरा येऊ शकत नाही एवढंच सांगतो. यजमान रागावतो तो तिघांवरही. "का?" मॅडमनी विचारलं. मी म्हणाले, कारणं खोटी असतील. "ते असेलही," त्या म्हणाल्या, "पण ती सांगितली कधी ते बघ. आमंत्रण आधीच गेलेलं होतं. जेवण तयार झालं, चाकर बोलवायला आला, तेव्हा यांना शेत आठवलं." मी कुंद्याच्या डब्याकडे बघत राहिले.

यंदा मॅडमना ७५ वर्षं पूर्ण झाली. हैदराबादहून बोलावणं आलं आणि माझी एम.ए.ची परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात. मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं : 'थँक यू सो मच फॉर इन्व्हायटिंग मी. आय ॲम अफ्रेड आय वोन्ट बी एबल टु मेक इट, ॲज आय हॅव माय एक्झाम्स दॅट वीक. आय वुड हॅव लव्ड टु बी देअर.'

तासाभरात मराठीतून उत्तर आलं : 'परीक्षेचं कारण नसतं दिलंस तरी चाललं असतं. एक ताट कमी सांगितलंय. नीट अभ्यास कर.'